सहा वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दाढेचे रूट कॅनल : आत कोणती पेस्ट भरून घ्यावी?

नमस्कार.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या खालच्या जबड्यातील दुसऱ्या दुधाच्या दाढेची कीड नसेपर्यंत पोचली असून शेजारच्या हिरडीवर पुवाची पुळी आली आहे. एक्स-रेमध्ये मुळे शाबूत दिसतात आणि दाढ वाचवता येईल, यावर आम्ही दाखवलेल्या दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे. मतभेद आहे तो मुळांच्या नळ्यांत काय भरायचे याबद्दल. तालुक्याच्या डॉक्टरांनी झिंक ऑक्साईड युजेनॉल, म्हणजे झिंक ऑक्साईडची पूड आणि लवंगतेलातील युजेनॉल यांची पेस्ट सुचवली, तर यवतमाळच्या डॉक्टरांनी मेटापेक्स, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साईड आणि आयोडोफॉर्मची तयार पेस्ट.

घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की दुधाचीच दाढ आहे, काढून टाका. परंतु ही दाढ साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयात पडते, आणि तिच्या मागे आता कायमची पहिली दाढ येऊ लागली आहे. मधली जागा रिकामी झाली तर ती पुढे सरकेल आणि खालून येणाऱ्या उपदाढेला जागाच उरणार नाही. म्हणून काढण्याचा पर्याय मी बाजूला ठेवला आहे.

मोठ्या माणसांच्या दातांत भरतात ते गटापर्चा येथे चालत नाही, कारण दुधाच्या दाताची मुळे विरघळत जातात आणि भरलेले द्रव्यही त्यांच्याबरोबर विरघळणे आवश्यक असते. झिंक ऑक्साईड युजेनॉल मुळापेक्षा सावकाश विरघळते. मुळाच्या टोकाबाहेर गेल्यास त्याचे कण दात पडल्यानंतरही हाडात राहू शकतात. मेटापेक्सचे उलट आहे. ते सिरिंजने भरायला सोपे आहे आणि बाहेर गेलेला भाग शरीर लवकर शोषून घेते, पण पुष्कळदा नळीच्या आतले द्रव्यही मुळे झिजण्याआधीच नाहीसे होते. दाढ आणखी चार ते सहा वर्षे टिकवायची असल्यामुळे मला हाच मुद्दा सर्वांत गंभीर वाटतो. दात लवकरच पडणार असता तर मी याचा एवढा विचार केला नसता.

एंडोफ्लास नावाच्या तिसऱ्या पर्यायात झिंक ऑक्साईड, आयोडोफॉर्म आणि कॅल्शियम हायड्रॉक्साईड एकत्र असतात. बाहेर गेलेला भाग शोषला जातो व आतला बराचसा टिकतो, असे त्याबद्दल सांगितले जाते. त्याने दाताचा रंग बदलू शकतो. मात्र वर स्टीलची टोपी बसणार असल्याने मला त्याची चिंता नाही. अमेरिकेतील बालदंतवैद्यांच्या अकादमीने 2020 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही दीर्घकाळ टिकण्याच्या दृष्टीने हे मिश्रण आणि झिंक ऑक्साईड युजेनॉल यांना मेटापेक्ससारख्या आयोडोफॉर्मच्या पेस्टपेक्षा पसंती आहे. त्यामुळे माझा कल एंडोफ्लासकडे आहे.

नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथे मुलांच्या दाढेचे असे उपचार कोणी करून घेतले असल्यास, आत काय भरले होते आणि दोन-तीन वर्षांनंतरच्या एक्स-रेत काय दिसले, हे कृपया सांगावे. मेटापेक्स आतून नाहीसे झाल्यावर पुन्हा पू झाला का, की दाढ तशीच व्यवस्थित राहिली? येथे कोणी बालदंतवैद्य असतील तर त्यांना आणखी एक विचारायचे आहे : पुळी असताना त्याच बैठकीत नळ्या भरणे योग्य, की आधी आत औषध ठेवून काही दिवस थांबावे? कापूस वेचणीच्या दिवसांत आम्हाला वारंवार जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे कठीण होते, म्हणून बैठका आणि नंतरच्या तपासण्या किती लागतील, हे आधी कळले तर त्याप्रमाणे दिवस ठरवता येतील.