लेखी आदेश नाही तर जादा काम नाही: आशाताईंनी असं म्हणावं का?

(एका चर्चेतले निरोप. प्रत्येक निरोपावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कागदी घोडा

आशा स्वयंसेविकेला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. योजना 2005ची, मांडणी तेव्हापासून हीच. केंद्राच्या दरपत्रकात नेहमीच्या कामांचे महिन्याला 2000 रुपये धरले होते (ऑक्टोबर 2018 पासून, त्याआधी 1000; 2025 मध्ये ते 3500 झाले). त्या 2000 मध्ये ग्राम आरोग्य व पोषण दिनाचे 200, गावच्या आरोग्य समितीच्या सभेचे 150, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आढावा सभेचे 150. उरलेले 1500 म्हणजे पाच नोंदींचे प्रत्येकी 300: कुटुंबांची यादी, गावचं आरोग्य रजिस्टर, लसीकरण देय असलेली बाळं, गरोदर माता, जननक्षम जोडपी. राज्याचा निश्चित मोबदला वेगळा.

यात जे बसत नाही तेही काम रोज येतं. आयुष्मान कार्ड काढून द्या, आभा क्रमांक (डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) तयार करा, शिबिराला माणसं आणा, केंद्रात गर्दी आहे तर केसपेपर लिहायला बसा. निरोप येतो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, "आजच्या आज" एवढ्याच मुदतीचा. मोबाइल तिचा, रिचार्ज तिचा.

माझं मत: दर आणि आदेश कागदावर नसेल तर काम करू नये. उद्धटपणा नको, एका ओळीचा उलट निरोप पुरे: "मॅडम, या कामाचा आदेश क्रमांक आणि मोबदल्याचा दर कळवा, लगेच सुरू करते." निम्मी कामं या ओळीवरच विरतात, कारण आदेश मुळात नसतोच. वरच्या टेबलावरचं काम खाली सरकवलेलं असतं.

उपकेंद्र

ही ओळ वाचायला छान आहे, पण महिन्याच्या शेवटी दावा फॉर्म कुणाकडे जातो ते बघा. आशा फॉर्म भरते, आरोग्य सेविका तपासून सही करते, गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी) पडताळते, वैद्यकीय अधिकारी मंजूर करतात, मग तालुक्यातून पैसे खात्यात. चार टप्प्यांपैकी तीन टप्प्यांवरची माणसं तीच, ज्यांना तुम्ही "आदेश क्रमांक कळवा" म्हणून बसलात. कुणी सूड घेईल असं म्हणत नाही. सूड घ्यायची गरजच नसते. "एमसीपी कार्डाची (माता-बाल संरक्षण कार्डाची) झेरॉक्स जोडलेली नाही" एवढा शेरा मारला की तो दावा पुढच्या महिन्यात गेला.

ज्या कामाला वेळ कमी लागतो ते करावं, नोंद ठेवावी आणि सभेत सगळ्यांनी मिळून मागावं. एकटीने नकार देणं म्हणजे विहिरीत दोर सोडून वरचं टोक दुसऱ्याच्या हातात देणं.

हिशेबनीस

दोघंही जादा कामावर अडून बसलात. खरी गळती दरपत्रकात असलेल्या, केलेल्या आणि तरी न मिळालेल्या पैशांची आहे.

नवजात बाळाच्या गृहभेटी घ्या. दवाखान्यातल्या बाळंतपणाला सहा भेटी: 3, 7, 14, 21, 28 आणि 42वा दिवस. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची एक जास्त. मोबदला 250. पण तो भेटी झाल्या म्हणून मिळत नाही. कार्डावर जन्मवजन हवं, जन्मनोंदणी झालेली हवी, बीसीजी आणि पोलिओ-पेंटाचा (पेंटा म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस) पहिला डोस हवा, आणि 42व्या दिवशी आई-बाळ सुखरूप हवेत. पेंटाचा पहिला डोस सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, म्हणजे नेमका 42व्या दिवशी देय होतो. गावातलं लसीकरण सत्र महिन्यातून एकदा. बाळाचा 42वा दिवस सत्राच्या दुसऱ्या दिवशी आला की डोस जवळजवळ महिनाभर पुढे आणि दावाही. तोवर त्या बाळाची ओळ जुन्या फॉर्मवर राहते, नवा फॉर्म कोरा सुरू होतो आणि 250 रुपये विसरले जातात.

उपाय साधा आहे. दोनशे पानी वहीत प्रत्येक बाळाला एक ओळ, आणि शेवटचा रकाना "दावा कोणत्या महिन्यात टाकला / जमा झाला का". जमा झाल्याशिवाय ओळ खोडायची नाही. जन्मनोंदणी 21 दिवसांच्या आत, पुढे विलंबाची भानगड लागते, म्हणून 14व्या दिवसाच्या भेटीतच विचारायचं.

तसंच 3, 6, 9, 12 आणि 15व्या महिन्यातल्या भेटींचं. प्रत्येकी 50. बाळ सव्वा वर्षाचं होईपर्यंत कोण लक्षात ठेवतं? वही ठेवते.

उपकेंद्र

हिशेबनीस, माहेरपण विसरलात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा नियमच. सासरच्या गावातली आशा पहिल्या तिमाहीत नाव नोंदवते, तपासण्या करवते, आणि सातव्या महिन्यात ओटी भरून बाई जाते. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात पात्र मातेमागे आशाला 600 आहेत, पण ते दोन भागांत: 300 गरोदरपणातल्या तपासण्यांचे, 300 दवाखान्यात बाळंतपण झाल्याचे. सासरच्या आशेने पहिले 300 सोडायचं कारण नाही. तरी सोडले जातात, कारण तपासण्यांच्या नोंदी असलेलं कार्ड बाईबरोबर माहेरी गेलेलं असतं. जायच्या आधी त्या पानाचा फोटो घेऊन ठेवावा.

सव्वा महिन्याने बाळ परत आलं की गृहभेटी दोन गावांत विभागलेल्या असतात. मग एकतर दोघी दावा टाकतात आणि दोन्ही अडकतात, किंवा "तिने टाकला असेल" म्हणून कुणीच टाकत नाही. दोन फोन केले की सुटणारी गोष्ट आहे ही.

वकिली चष्मा

कायद्याची बाजू मांडतो, कारण "नकार दिला तर काय होईल" याचं उत्तर तिथे आहे आणि ते गैरसोयीचं आहे.

आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका. कर्मचारी नाही, म्हणून किमान वेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, जादा तासांचा दुप्पट दर नाही. याच तर्काने तिच्यावर हुकूमही चालायला नको. स्वयंसेविकेला शिस्तभंगाची नोटीस कसली? व्यवहारात मात्र मोबदला स्वयंसेविकेचा आणि धाक नोकरीचा, असं दोन्हीकडून कापलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये देशभरच्या आशांचा गौरव केला, फोटो सगळीकडे झळकले. दर्जा आहे तिथेच.

2013च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना (आशा, अंगणवाडी सेविका वगैरे) कामगार मानण्याची शिफारस केली होती. शिफारस म्हणजे कायदा नव्हे. अंगणवाडी सेविकांना एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू केला, पण तो निकाल अंगणवाडीचा आहे, आशांना आपोआप लागत नाही. कुणी ग्रुपवर "आपल्यालाही ग्रॅच्युइटी" असं पाठवत असेल तर थांबवा.

म्हणून कागदी घोडा यांच्या ओळीशी सहमत, फक्त तिचा सूर बदलेन. "नाही करणार" हे वाक्य कुठेही लिहू नका. "कोणत्या आदेशाने, कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे सरकारी खर्चाच्या कोणत्या खात्यातून)" एवढंच विचारा. पहिल्याला उत्तर म्हणून कारवाई होते, दुसऱ्याला उत्तरच द्यावं लागतं.

कागदी घोडा

आणि उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, मुदत 30 दिवस. आपल्या महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा लागतो. "आशांचे पैसे का मिळत नाहीत" असं विचारू नये, "का"ला माहिती अधिकारात उत्तर नसतं. विचारायचं असं: अमुक आर्थिक वर्षात अमुक कामासाठी तालुक्याला आलेली रक्कम व दिनांक, वाटप झालेली रक्कम व दिनांक, शिल्लक. तीन आकडे. अर्ज आशेच्या नावाने नको, गावातल्या कुणाही नागरिकाने टाकावा.

लाल वही

सगळं बरोबर, पण फार एकटीएकटीचं चाललंय. मोठी वाढ वहीतून आली नाही. 2023च्या ऑक्टोबरातला संप, मग जानेवारी 2024चा, तेव्हा कुठे मार्चमध्ये राज्याने आशांच्या मोबदल्यात महिन्याला 5000ची वाढ मंजूर केली. मधल्या काळात तोंडी आकडा 7000 होता! कागदावर आला तेव्हा 5000. कागदी घोडा यांच्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही, आणि तो पुरावा संपाने तयार केला, उलट निरोपाने नाही.

ऑगस्ट 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले तेही सामुदायिकच होतं. एकीने परत केला असता तर तिच्याकडून वसुली झाली असती.

हिशेबनीस

संपाच्या महिन्यात कामागणिकचा मोबदला शून्य असतो, हेही मांडा. पगारी माणसाचा संप आणि हिचा संप एक नव्हे. लसीकरण सत्र चुकलं की त्या बाळांच्या पहिल्या वर्षातल्या पूर्ण लसीकरणाचे प्रत्येकी 100 सुद्धा लांबतात.

लाल वही

म्हणूनच कामं निवडून बहिष्कार घालतात. सगळं बंद न करता फक्त ऑनलाइन नोंदी आणि अहवाल थांबवायचे. लसीकरण, बाळंतपण, गृहभेटी चालू. गावाचं नुकसान नाही, आशेचा मोबदला बुडत नाही, आणि वरच्या कार्यालयाचा आलेख तेवढा सपाट होतो. दुखतं तिथेच.

उपकेंद्र

निवडक बहिष्काराला एक अडचण आहे. काही ऑनलाइन नोंदींवरच मोबदला ठरतो. 30 वर्षांवरच्यांचा सीबॅक फॉर्म (मधुमेह, रक्तदाब अशा आजारांचा धोका पाहणारा) घ्या: कंबरेचं माप, तंबाखू-दारू, घरच्यांचे आजार, सगळं विचारायचं आणि एका फॉर्मचे मिळतात 10 रुपये. नोंद चढवली नाही तर तेही नाहीत. त्यामुळे "ऑनलाइन बंद" म्हणण्याआधी यादी दोन भागांत करा, पैसे जोडलेल्या नोंदी आणि बिनपैशाच्या. बंद फक्त दुसऱ्या. आणि ती यादी तालुक्यातल्या सगळ्या गटांनी एकच ठेवली पाहिजे, नाहीतर शेजारच्या केंद्राचे आकडे दाखवून पहिल्याच आठवड्यात फूट पाडतात.

कागदी घोडा

ही यादी मला पटली. केसपेपर लिहिणं कोणत्या भागात टाकणार?

उपकेंद्र

दुसऱ्या. वर, पहिल्या ओळीत.