टीबीच्या गोळ्या चालू आहेत, खायला काय द्यावं?

शेवंती_चिपळूण
धाकट्या भावाला (वय २४) फुप्फुसाचा टीबी निघालाय. चाकणला नोकरी, एका खोलीत चौघे, खाणं म्हणजे सकाळी चहा-पाव आणि रात्री मेसचा डबा, तोही आला तर. दोन महिने खोकला धुळीचा समजून अंगावर काढला. आता घरी आणलंय. उंची पाच फूट सात, वजन ४३. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू होऊन बारा दिवस झाले, रोज सकाळी उपाशीपोटी तीन.

गोळ्या तो नीट घेतो. अडलंय ते आईपाशी. शेजारणींनी सांगितलं म्हणून तिने भात, दही, केळं, मासे सगळं बंद केलंय, कफ होतो म्हणे. दिवसभर मुगाचं कढण आणि हळदीचं दूध. तो मुकाट पितो आणि तासाभराने फ्रिज उघडून बघत उभा राहतो. टीबीला पथ्य असतं का काही?

माजी_गोळीबाज
ताई, भात आजच चालू करा! मी सहा महिने काढलेत या गोळ्यांवर. दारू आणि तंबाखू सोडली तर मला डॉक्टरांनी काहीच बंद केलं नव्हतं.

एकदम ताट भरून वाढू नका, जात नाही आणि मळमळतं. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. गोळ्यांनंतर तासाभराने काहीतरी पोटात जायलाच हवं. आमच्याकडे दाण्याचं कूट भाजीत, आमटीत, ताकात, जिथे मावेल तिथे पडायचं. भूक नसली तरी गूळ-दाणे जायचे.

आणि हो, लघवी नारिंगी होते, ती गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे. पहिल्या दिवशी रक्त समजून मी पहाटे पाचला सगळं घर उठवलं होतं.

पांढरा_डगला
टीबीच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

टीबीचा जंतू भारतात असंख्य लोकांच्या अंगात असतो, पण बहुतेकांना आजार होत नाही. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती कडं करून बसतात आणि त्याला तिथेच कोंडून ठेवतात. हा पहारा वर्षानुवर्षं चालतो, आणि पहारेकऱ्यांना शिधा लागतो. माणूस अर्धपोटी राहिला की कडं ढिलं पडतं. तुमच्या भावाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १५च्या आत-बाहेर येतोय, १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन. हे डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला.

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात चार जिल्ह्यांत एक अभ्यास झाला. रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत हा शिधा गेला तिथे नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. नुसत्या डाळ-तांदूळ-जीवनसत्त्वांनी! आणि तुम्ही घरातला भात बंद केलाय.

वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करा. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, म्हणून वाढलं की दवाखान्यात सांगा. टीबी रुग्णांच्या खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये (आधी ५०० होते) खात्यात येतात, बँकेचे तपशील दिलेत ना?

काढा_किंग
गुळवेलीचा काढा रोज सकाळी. प्रतिकारशक्ती दुप्पट. माझ्या आत्याने फक्त त्यावर

पांढरा_डगला
वाक्य अर्धंच राहिलं, बरंच झालं. या गोळ्यांत चार औषधं एकत्र असतात, त्यांपैकी तीन यकृतावर ताण देऊ शकतात. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांबद्दल मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद त्यांचा. पण या सहा महिन्यांत डॉक्टरांना न विचारता कुठलाही काढा नको. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मासे द्या, ताजे. फक्त बांगडा आणि कुपा शिळा झालेला नको. त्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य साठतं आणि आयसोनियाझिड (या गोळ्यांतलंच एक औषध) चालू असताना ते शरीराला नीट मोडता येत नाही. तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते.

शिवाय घरच्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. खोलीवरच्या तिघांचीही.

माजी_गोळीबाज
+१. आणि बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडाव्याशा वाटतात. मला दुसऱ्याच महिन्यात वाटलं होतं. त्याच्या डोक्यावर बसा.

शेवंती_चिपळूण
सगळ्यांचे आभार. आईला अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. झारखंडच्या तांदळापाशी थांबली, म्हणाली पुन्हा वाच. दुपारी मऊ भात, कुळथाचं पिठलं, एक अंडं. भावाने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा ती काही न बोलता उठली आणि दही घेऊन आली. किराणावाल्याच्या काट्यावर दर शुक्रवारी वजन करायचं ठरलंय.

चाकणला तिघांना फोन केले. दोघे म्हणाले बघू. तिसऱ्याला तीन आठवडे झाले खोकला आहे, तोही धुळीचाच म्हणतोय. उद्या सकाळी त्याला थुंकीच्या तपासणीला पाठवतेय.