फुटकी खापरं आणि वाघनखं

कराडकर: काल इथे कोणीतरी लिहिलं, "साताऱ्याचा इतिहास महाराजांपासून. संग्रहालयात शस्त्रं दाखवा, फुटक्या खापरांनी पोरं कंटाळतात." रात्रभर डोक्यात तेच. अहो, आमचं कराड म्हणजे शिलालेखातलं 'करहाकट'. इथल्या लोकांनी इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास पार मध्य प्रदेशात भारहुतच्या स्तूपाला दान दिलं, तसं स्तूपाच्या दगडी कठड्यावर कोरलंय. तो कठडा आज कोलकात्याच्या संग्रहालयात. आगाशिवाच्या डोंगरात साठेक लेणी आहेत आणि शाळेची सहल जाते महाबळेश्वरला!

सदरबझार: ते लिहिणारा मीच. जुलै २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आली, तेव्हा आजीला धरून रांगेत उभा होतो. काचेसमोर तिने हात जोडले, डोळे भरून आले. खापरासमोर कोण हात जोडतं?

मिरजकर: ती महाराजांचीच, असं लंडनचं संग्रहालयही छातीठोकपणे सांगत नाही. ती होती ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे. तो साताऱ्यात रेसिडेंट झाला १८१८ नंतर, अफजलखान पडला १६५९ ला. मधल्या दीडशे वर्षांचं काय?

सदरबझार: प्रतापगड आमच्या जिल्ह्यात आहे. सांगलीकरांनी आम्हाला शिकवू नये. आजीच्या श्रद्धेची पावती मागता?

मिरजकर: श्रद्धेची नाही, पाटीची मागतोय. पाटीवर जे लिहाल ते पोरं खरं धरतात. आणि मी मिरजेचा.

कोरेगावच्या बाई: पाटीचं निघालंच आहे तर ऐका. सातवीचा वर्ग एका संग्रहालयात नेला होता. पाटीवर 'मृण्मय पात्र, सातवाहनकालीन', बस्स. "बाई, हे सापडलं कुठं?" पोरीने विचारलं, तर पहारेकरी म्हणाला, "पुढे चला." मला रडू यायचं बाकी होतं. पुढच्या वर्षी कोल्हापूरला टाऊन हॉलच्या संग्रहालयात नेलं. तिथल्याच ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती दाखवली. ग्रीक लोकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी आला कसा, यावर पोरं एसटीत कोरेगाव येईपर्यंत भांडत होती. कोण म्हणतं कंटाळतात? सांगणारं कोणी नसतं.

सदरबझार: भारहुतचं मला माहीत नव्हतं, एवढं कबूल. रविवारी पोरांना आगाशिवावर नेतो. वाघनखांबद्दल मात्र शब्द मागे घेणार नाही.

कराडकर: नका घेऊ. जखिणवाडीकडून चढा, सकाळी लवकर. पाणी सोबत घ्या.