मदत हवी आहे : सूर्याजवळचा धूमकेतू दिवसाढवळ्या बघायचा कसा?

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. एक १०×५० ची दुर्बीण आणि घराचा स्लॅब, एवढंच भांडवल. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू बघितला. दसरा झाल्यावर परतीच्या पावसाचे ढग हटेनात. एका संध्याकाळी शुक्राच्या उजवीकडं फट पडली आणि दहा मिनिटं शेपटी दिसली. आज्जी म्हणाली, "शेंडेनक्षत्र उगवलं, आता राजाचं काय खरं नाही." कुठला राजा, कर्नाटकातला की महाराष्ट्रातला, ते मात्र तिलाही सांगता येईना!

नंतर जानेवारी २०२५ चा सी/२०२४ जी३ अ‍ॅटलास. १३ तारखेला सूर्याच्या सगळ्यात जवळ, तेज जवळपास शुक्राइतकं. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाची चित्रं मोबाईलवर बघत होतो. संक्रांतीला दुपारी राहवेना. पाण्याच्या टाकीआड सूर्य लपवला आणि दुर्बीण उचलली, तेवढ्यात टाकीच्या कडेनं सूर्य डोकावला. डोळे मिटले म्हणून वाचलो. आईनं दुर्बीण कपाटात टाकून कुलूप लावलं.

पुढच्या वेळी काय करू? ग्रहणाचा चष्मा चालेल का? आणि सोहोच्या चित्रात धूमकेतूच्या डोक्यातून आडवी पांढरी रेघ जाते, ती दुसरी शेपटी म्हणायची का?

खानापूरकर :
आईचं बरोबर आहे. सूर्य ४ मिनिटांत एक अंश सरकतो आणि त्याचं बिंब अर्ध्या अंशाचं. म्हणजे टाकीच्या कडेला लपलेला सूर्य दोन मिनिटांत अख्खा बाहेर! दुर्बिणीतून क्षणभर दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

करायचंच तर दुपार कलल्यावर उंच भिंतीच्या पूर्वेला, तिच्या सावलीत बसा. तिथं सूर्य भिंतीमागं आणखी खाली जातो. सकाळी ही युक्ती उलटी पडते, तो वर चढत येतो. धूमकेतू सूर्याच्या वरच्या अंगाला असेल तरच उपयोग, आणि बघायचं नुसत्या डोळ्यांनी. चष्म्यातून सूर्य दिसेल, धूमकेतू नाही. तो एवढा उजेड अडवतो की बाकी सगळं काळं.

निपाणीकर :
रेघ शेपटी नव्हे हो. उजेड जास्त झाला की कॅमेऱ्याचा सेन्सर भरून वाहतो, त्याची ती आडवी रेघ. शुक्र, बुध चित्रात आले की त्यांनाही फुटते. मधली काळी तबकडी सूर्य झाकणारी, तिच्यातलं पांढरं वर्तुळ म्हणजे सूर्याचं खरं माप.

आणि जानेवारीत आपल्याकडं आभाळ असतं कुठं निळं? उसाचा पाला पेटलेला, कारखाने सुरू. जानेवारी २००७ मध्ये मॅकनॉट धूमकेतू लोकांनी भर दिवसा बघितला, तो शुक्रापेक्षाही तेजस्वी होता. असा रोज येत नाही. आयसॉन धूमकेतूची किती हवा झाली होती! २८ नोव्हेंबर २०१३ ला सूर्याजवळून गेला आणि विरघळला. आधी दिवसा शुक्र सापडतो का बघा, सूर्यापासून लांब असताना. तो दिसत नसेल तर त्या दिवशी धूमकेतूचा नाद सोडा.

येळ्ळूरचा मी :
दोघांचेही आभार. हा धागा आईला वाचून दाखवला. किल्ली अजून तिच्याकडंच आहे, पण शुक्राचं बघूया म्हणाली.