मदत हवी: पार्किन्सन, शौचाचा मायक्रोबायोम (आतड्यातले जंतू) अहवाल, कोणतं प्रोबायोटिक?

स्नेहल_इंदूर: बाबांच्या अहवालात प्रीव्होटेला कमी, अ‍ॅकरमॅन्सिया आणि लॅक्टोबॅसिलस जास्त आलंय. पार्किन्सनची दुपारची गोळी लागूच पडत नाही. कोणतं प्रोबायोटिक आणू? आजच दवा बाजारात जातेय, लवकर सांगा.

अन्नपूर्णा_रोड: गोळी कुठली, किती वाजता, जेवणाआधी की नंतर? सोबत एन्टाकॅपोन (गोळीचा असर लांबवणारं औषध)? अलीकडे अँटिबायोटिक झालं? अ‍ॅसिडिटीची गोळी? बद्धकोष्ठ? या सगळ्यानं जंतूंचं प्रमाण बदलतं.

राजवाडा_४: नाव विचारलंय त्यांनी! लॅक्टोबॅसिलसचं कोणतंही घ्या. नाहीतर घरचं ताक.

अन्नपूर्णा_रोड: दादा, तो तर आधीच वाढलाय. पार्किन्सनमध्ये बहुतेकदा तसंच दिसतं. कमी होतात रोझबुरिया, फीकॅलिबॅक्टेरियम, म्हणजे अन्नातल्या तंतूंपासून ब्युटिरेट (आतड्याच्या अस्तराला पोसणारं आम्ल) करणारे जंतू. त्यांचं खाद्य ज्वारी, सालीसकट डाळी, भाज्या. प्रोबायोटिकनं काहींना शौचाला बरं होतं, एवढंच.

पलासिया: विष्ठा-प्रत्यारोपणाच्या (निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडणं) मागे लागू नका. २०२४ च्या फिनलंडमधल्या चाचणीत हालचालींना फायदा दिसला नाही.

राजवाडा_४: ते कुणी विचारलंय?

जुनी_इंदूर: जंतू गोळीही खातात. लेव्होडोपा हे पार्किन्सनच्या गोळीतलं औषध, त्याचं डोपामिन मेंदूत व्हायला हवं. एन्टेरोकोकस फीकॅलिस हा जंतू ते आतड्यातच करतो, आणि ते डोपामिन मेंदूत शिरत नाही. सोबतचं कार्बिडोपा हे बदल घडवणारं आपल्या शरीरातलं एन्झाइम अडवतं, जंतूचं फारसं नाही.

अन्नपूर्णा_रोड: बरोबर, पण ते घरी बसून सुधारता येत नाही. वेळा सुधारता येतात. ताई, वेळा?

स्नेहल_इंदूर: लेव्होडोपा-कार्बिडोपा. सकाळी ७, दुपारी १, रात्री ८. दुपारची वरणभात जेवतानाच, वर वाटीभर दही. लोहाची गोळीही तेव्हाच. शौचाला तीन-तीन दिवस होत नाही. एन्टाकॅपोन, अँटिबायोटिक काही नाही.

अन्नपूर्णा_रोड: मग आधी हेच बदला. वरण-दह्यातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेनं शिरतात, वर लोह गोळीला धरून ठेवतं. गोळी सव्वाबाराला नुसत्या पाण्याबरोबर, जेवण १ ला. लोह ४ वाजता, म्हणजे दोन्हीकडे २ तासांहून जास्त अंतर राहतं. इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, घट्ट झालं की घशात अडकतं. गिळताना ठसका लागत असेल तर ते नकोच, मॅक्रोगॉल या शौच मऊ करणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड अजिबात नको, कंप-ताठरपणा वाढतो. डोस मात्र न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच बदला.

स्नेहल_इंदूर: सकाळच्या पोह्यांवर शेव घालतात. तीही बेसनाचीच ना?

अन्नपूर्णा_रोड: चिमूटभर चालेल. पोहे पावणेआठला द्या.