माहिती सगळी आहे, पण वजन उतरवण्याचा निश्चय टिकत नाही

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय 47 असून मी सांगलीत एका बँकेत नोकरी करते. उंची 155 सेंटिमीटर आणि वजन 74 किलो आहे. गेल्या महिन्यात केलेल्या रक्ततपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1 आले, तेव्हा डॉक्टरांनी ही मधुमेहपूर्व अवस्था असल्याचे सांगितले आणि पाच-सहा किलो वजन उतरवायला सांगितले. माझ्या आईला पन्नाशीतच इन्सुलिन सुरू करावे लागले होते, त्यामुळे या आकड्याचा अर्थ मला कोणी वेगळा समजावून सांगायला नको.

अडचण माहितीची नाहीच. पाच वर्षांत मी चार वेळा सुरुवात केली आहे. एकदा जिमचे वर्षाचे पैसे भरून दोन महिने गेले, एकदा दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत सतरा दिवस पाळली. दर वेळी पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि हुरूप येतो; मग काटा जागचा हलत नाही, तेवढ्यात घरात एखादे कार्य निघते आणि सगळी घडी विस्कटते. रात्री सर्वांची जेवणे उरकली की पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात आणि मुलाने ताटात ठेवलेली अर्धी पोळी टाकवत नाही म्हणून मी ओट्यापाशी उभ्या उभ्या खाऊन टाकते. हे मला दिसते, कळते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होते.

ज्यांनी वजन उतरवले आणि उतरलेले टिकवले, त्यांना एवढे महिने बळ कशाने दिले, हे मला मनापासून जाणून घ्यायचे आहे.

टेकडीवरचा

ताई, माझे वजन 91 किलो होते, ते दीड वर्षात 79 झाले आणि गेली चार वर्षे 78 ते 80 मध्ये आहे. प्रेरणा म्हणावी असे माझ्याजवळ त्या काळात काही नव्हते. होती ती फक्त वेळ ठरलेली. पहाटे पावणेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी पोहोचायचे, मन असो वा नसो. पहिल्या दिवशी शंभरएक पायऱ्यांपैकी चाळिसाव्या पायरीवरच मी कठड्याला धरून उभा राहिलो होतो आणि एक आजोबा काही न बोलता माझ्याशेजारी थांबले होते. चढताना आनंद वाटू लागला तो साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि तोही रोज चढत होतो म्हणून वाटू लागला.

तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो, कारण माझाही धीर नेमका तिथेच सुटत असे. पहिल्या आठवड्यात उतरणारे दीड-दोन किलो बहुतांशी चरबीचे नसतात. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी केले की तो साठा वापरला जातो आणि पाणी निघून जाते. एक किलो चरबी उतरायला मात्र सुमारे 7,700 कॅलरींची तूट पडावी लागते. रोज 300 कॅलरी कमी केल्या तरी त्याला सुमारे सव्वीस दिवस लागतात. म्हणजे तुम्ही ज्याला काटा अडकणे म्हणता, तेथून तर खरे काम सुरू होते, आणि त्याच टप्प्यावर आपण दर वेळी परत फिरतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचे आढळले. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, हेही त्यात दिसले. तुमचे सतरा दिवस वाया गेले असे समजू नका. ते फक्त अपुरे पडले.

वाटीचमचा

मी आहारतज्ज्ञ म्हणून बावीस वर्षे काम केले आहे. कृष्णाकाठताई, सुरुवातीलाच सांगते की थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या, आणि पाळी अनियमित झाली असेल किंवा झोप लागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. शरीराचा दोष मनाच्या माथी मारून वर्षानुवर्षे स्वतःला बोल लावणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत.

आता काट्याविषयी. आपल्याकडील शरीराची ठेवण वेगळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले आहे की बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबीचे प्रमाण बरेच असते, विशेषतः पोटाभोवती. म्हणून भारतीय स्त्रीच्या कमरेच्या घेराची मर्यादा 80 सेंटिमीटर आणि पुरुषाच्या घेराची 90 धरतात. घरात शिवणाची टेप असेल, ती दर रविवारी सकाळी उपाशीपोटी लावा आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहा. काटा गप्प असतो, त्या आठवड्यातही टेप पुष्कळदा अर्धा सेंटिमीटर सरकलेली असते.

डॉक्टरांनी सांगितलेला आकडाही हवेतला नाही. अमेरिकेत मधुमेहपूर्व अवस्थेतील तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वजन 7 टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. तुमच्या 74 किलोंचे 7 टक्के म्हणजे सुमारे सव्वापाच किलो. चेन्नईत झालेल्या अशाच अभ्यासात आहार-व्यायाम सुधारणाऱ्या गटात ही घट 28 टक्क्यांच्या आसपास होती, आणि तिथे लोकांचे सरासरी वजन फारसे उतरलेच नव्हते. काटा हलला नाही म्हणून केलेले फुकट गेले, या समजुतीला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

स्वयंपाकघरात मी पहिला प्रश्न तेलाचा विचारते. चार माणसांच्या घरात महिन्याला तेलाच्या एक लिटरच्या चार पिशव्या संपत असतील, तर दरडोई रोज सुमारे 30 ग्रॅम तेल जाते, म्हणजे 270 कॅलरी. एक पिशवी कमी केली तर कोणाच्या ताटातला एकही पदार्थ कमी होत नाही. फोडणीपुरता चमचा ठरवावा लागतो, एवढेच. उपवासाचेही तसेच आहे. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट, तूप आणि वर बटाटा असे खाल्ले तर त्या दिवशी पोटात रोजच्यापेक्षा जास्तच जाते.

झिम्मा

वरचे सगळे पटले, तरी एक गोष्ट राहून गेली असे वाटते. टेकडीवरच्या दादांना पहाटे पावणेसहाला घराबाहेर पडता आले, कारण त्या वेळी घरात चहा, डबे आणि पाणी भरणे दुसरे कोणीतरी पाहत होते. मी त्यांना दोष देत नाही; पण कृष्णाकाठताईंच्या दिवसात ती पाऊण तासाची जागा कोण करून देणार, हे यजमानांशी आणि मुलाशी स्पष्ट बोलून ठरल्याशिवाय पाचवी सुरुवातही तशीच मोडेल. आमच्याकडे सकाळचे डबे आता आमचे हे भरतात. ते मागण्यात मला सहा वर्षे संकोच वाटला.

उरलेल्या अन्नाविषयी. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणतच आपण वाढलो, त्यामुळे ते टाकवणार नाही, आणि टाकूही नये. मी एवढेच बदलले की वाढून झाल्याबरोबर, स्वतः जेवायला बसण्याआधी, उरलेला भात डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवते आणि पातेले पाण्यात टाकते. सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो. दोन आठवड्यांत लक्षात आले की मी रोजच अर्धी वाटी तांदूळ जास्त लावत होते.

आणि कारणाविषयी. भाच्याच्या लग्नातील फोटोंसाठी मी सहा किलो उतरवले होते. लग्न झाले आणि चार महिन्यांत ते सगळे परत आले. नातेवाइकांच्या टोमण्यांनी तर मी उलट लपून खात असे. टिकले ते वेगळ्याच कारणाने. नणंदेच्या मंगळागौरीला सगळ्या झिम्मा खेळत होत्या आणि मी गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते. एक किलो वजन कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा हिशेब मला समजला. हात न टेकता जमिनीवरून उठायचे, एवढेच मी ठरवले. अकरा महिन्यांनी जमले. वजन तोपर्यंत सात किलोंनी उतरले होते.

कृष्णाकाठ

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर ह्यांच्याशी बोलले. सकाळी सहा ते पावणेसात मी कृष्णेच्या घाटाकडे चालायला जाईन आणि तोवर ते कुकर लावतील, असे ठरले आहे. सासूबाईंनी मुलाला उठवण्याचे काम आपणहून घेतले. तेलाच्या पिशव्या मोजल्या, तर आमच्याकडे चार नव्हे, पाच लागतात. थायरॉइडची तपासणी शनिवारी करते. घेर आज 96 सेंटिमीटर भरला आणि तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे.

झिम्माताई, रात्रीचा भात डब्यात काढला, पण मुलाने ताटात ठेवलेल्या अर्ध्या पोळीचे तुम्ही काय करता?

झिम्मा

पोळ्या अर्ध्या करूनच वाढते. हवी असेल तर तो दुसरी अर्धी मागून घेतो.