मदत हवी आहे : बाबांना एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालंय, कानात इंजेक्शन घ्यावं का?

बाबा ६८ वर्षांचे, डायबेटिस आहे, बाकी ठणठणीत. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी उठले ते म्हणाले, "उजव्या कानात बोळा घातल्यासारखं झालंय, आत कुकरची शिट्टी वाजतेय." दुखत नव्हतं. जवळच्या डॉक्टरांनी सर्दीने दडे बसलेत म्हणून थेंब दिले. त्यात पाच दिवस गेले.

रविवारी दादाचा फोन आला. बाबा नेहमीसारखा उजव्या कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि "रेंज नाही गं" म्हणत माझ्या हातात दिला. दादा खणखणीत बोलत होता. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

सोमवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज कुठे येतोय? बाबा म्हणाले, डावीकडे. मळाने किंवा दड्याने झालं असतं तर आवाज उजवीकडे गेला असता, म्हणजे दोष आतल्या नसेचा. ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) उजवा कान ७० डेसिबलवर, म्हणजे त्याहून हळू आवाज त्या कानाला ऐकूच येत नाही. लगेच स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, नसेवर गाठ नाही ना हे बघायला एमआरआयही सांगितलाय. (२०२४ मध्ये अलका याज्ञिकांना विमानातून उतरल्यावर ऐकूच येईना, ती बातमी मी वाचून सोडून दिली होती.)

आता गोळ्यांनी साखर ३१० वर गेलीय, म्हणून डॉक्टर पडद्यातून आत स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ म्हणतायत. कोणी घेतलंय का? फार दुखतं का? आणि माझ्या नणंदेच्या ९ वर्षांच्या मुलाचा एक कान गालगुंडानंतर गेला तो गेलाच. त्याला नुसती गोवर-रुबेलाची लस मिळाली होती, तीत गालगुंड येत नाही. बाबांचंही तसंच होणार का?

प्रतिसाद :
ताई, गालगुंडाने गेलेला कान सहसा परत येत नाही, पण बाबांचं प्रकरण वेगळं आहे. मी ३४ व्या वर्षी यातून गेलोय. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं घेतली. आधी कान बधिर करतात, सुई मुंगी चावल्यासारखी. औषध गार असेल तर मात्र खोली गरगर फिरते, कोमट करून द्या म्हणून आधीच सांगा. नंतर अर्धा तास तो कान वर करून पडायचं, बोलायचं नाही, आवंढाही गिळायचा नाही. गोळ्यांइतकी साखर यात वाढत नाही. पहिले दोन आठवडे मोलाचे, तेव्हा थांबू नका. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. माझं निम्मं परत आलं. गर्दीत कोणी हाक मारली तर कुठून ते अजून कळत नाही.

धागाकर्ती :
खूप आभार. उद्या ११ ची वेळ घेतलीय. बाबा म्हणतायत, ऐकू येणं राहू दे, आधी तो कुकर उतरवा.